ग्राहकांच्या मालकीची सहकारी संस्था : संपत्ती एका हाती साठू नये म्हणून पोटनियम आणि हिशेब कसे बसवायचे

दुकानाचा वर्षाचा नफा मालकाकडे जातो, ही संपत्ती साठण्याची लहान बाजू आहे. मोठी बाजू दुकान विकायला काढल्यावर कळते. वर्षाची विक्री १०० धरा. मालाची किंमत, पगार, भाडे, वीज असे सगळे जाऊन ४ उरतात. मालकाने सुरुवातीला १६ घातले होते. दरवर्षी ४ देणाऱ्या धंद्याला घेणारा सहज आठपट, म्हणजे ३२ मोजेल. मालकाचे १६ चे ३२ झाले, आणि ज्यांच्या खरेदीमुळे हे घडले त्या ग्राहकांच्या हाती फक्त पावत्या राहिल्या. वर्षाच्या नफ्यावर कर लावता येतो, स्पर्धा वाढवून तो खाली आणता येतो. पण भांडवलाच्या किमतीतली ही उडी पिढ्यानपिढ्या एकाच घरात साठत जाते.

ग्राहकांच्या सहकारी संस्थेत ही उडी कोणाच्याच खात्यात जमा होऊ नये, अशी रचना करता येते. मात्र नुसती ‘सहकारी’ अशी पाटी लावून ते होत नाही. पोटनियमांतली पाच-सहा कलमे आणि हिशेबाच्या काही सवयी यांवर सगळे अवलंबून असते. पुढे किराणा वा गृहोपयोगी मालाच्या दुकानाची आकडेमोड दिली आहे. वीज, पाणी, इंटरनेट, पतपुरवठा यांसाठीही कलमे हीच राहतात, फक्त भांडवलाचे प्रमाण बदलते.

आधी कलमे, मग दुकान

बहुतेक गट जागा शोधायला आधी निघतात आणि नोंदणीच्या वेळी छापील नमुना पोटनियम जसेच्या तसे उचलतात. हा क्रम उलटा आहे. संस्थेत पैसा नसतो तेव्हा कडक कलमांना कोणी विरोध करत नाही. तिजोरीत काही जमल्यावर तीच कलमे मंजूर करून घेणे महाकठीण. तुमच्या देशाचा सहकार कायदा पोटनियमांच्या वर असतो, त्यामुळे राखीव निधीचे किमान प्रमाण, भागांवरील (म्हणजे शेअरवरील) परताव्याची कमाल मर्यादा आणि बिगरसभासदांना विक्रीची मुभा या तीन गोष्टी कायद्यात पाहून मगच लेखणी उचला.

पहिले कलम भागाच्या किमतीचे. मसुदा साधारण असा ठेवा : “भाग दर्शनी किमतीलाच दिला जाईल व दर्शनी किमतीलाच परत घेतला जाईल. सभासदास तो अन्य व्यक्तीस विकता वा गहाण ठेवता येणार नाही.” दर्शनी किंमत म्हणजे भागावर लिहिलेली मूळ रक्कम. वर सांगितलेली उडी थांबवणारे कलम हेच. भाग बाजारात विकला जात नसेल तर त्याला बाजारभावही येत नाही. याच्याच खाली दोन मर्यादा जोडा : एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या ५ टक्क्यांहून अधिक भाग नसावेत, आणि एका वर्षात परत केले जाणारे भाग एकूण भांडवलाच्या १० टक्क्यांपुरते असावेत. दुसरी मर्यादा नसेल तर एका अफवेवर निम्मे सभासद पैसे मागायला येतात आणि चांगली चाललेली संस्था रोखीअभावी बसते.

दुसरे कलम भागांवरील परताव्याला कमाल मर्यादा घालते. “एक वर्षाच्या बँक ठेवीच्या दरापेक्षा २ टक्क्यांहून अधिक नाही” अशी मर्यादा पुरते. महागाईने भागाची किंमत झिजते, म्हणून परतावा शून्य ठेवणेही अन्यायाचे. पण मर्यादाच नसेल तर परतावा चांगला दिसताच गुंतवणुकीसाठी लोक आत येतात, आणि पुढच्या सभांमध्ये त्यांचा रस दुकानात काय मिळते यात नसून वाटपात असतो.

तिसरे, एक सभासद एक मत, भाग कितीही असोत. इथे पळवाट प्रतिनिधी मतदानाची असते. मुखत्यारपत्रांचे गठ्ठे गोळा करून एखादा गट सभा ताब्यात घेतो. एका व्यक्तीला स्वतःखेरीज आणखी एकाच सभासदाचे मत देता येईल, एवढीच मुभा ठेवा. मुळीच न ठेवलेली बरी.

चौथे, वाढावा, म्हणजे सगळा खर्च वजा जाता उरते ते, खरेदीच्या प्रमाणात वाटावा. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी आठवड्याला दोन-दोन पेन्स साठवत प्रत्येकी एक पौंड उभा केला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर दुकान उघडले. आधीच्या कित्येक सहकारी दुकानांपेक्षा ते टिकले, यात या वाटपाच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. भांडवल जास्त घालणाऱ्याला जास्त मिळाले असते तर ते आणखी एक भागीदारीचे दुकान झाले असते.

पाचवे कलम राखीव निधीचे. लोक सगळ्यात कमी लक्ष याच्याकडे देतात आणि सगळ्यात महाग हेच पडते. मसुदा : “राखीव निधी अविभाज्य राहील. संस्था बंद झाली, विलीन झाली वा कंपनीत रूपांतरित झाली तरी सभासदांस त्यांच्या भागाच्या दर्शनी किमतीपलीकडे काहीही मिळणार नाही. उरलेली मालमत्ता समान उद्देशाच्या सहकारी संस्थेकडे जाईल.”

हे कलम नसले की काय होते ते ब्रिटनमधल्या बिल्डिंग सोसायट्यांनी, म्हणजे ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थांनी, दाखवून दिले. १९८६ च्या कायद्याने त्यांना कंपनी होण्याची वाट खुली केली. १९८९ मध्ये ॲबी नॅशनलने ती पहिल्यांदा धरली. सभासदांना फुकट भाग मिळतात हे कळल्यावर केवळ त्या लाभासाठी जागोजाग खाती उघडणाऱ्यांची झुंबड उडाली. कित्येक पिढ्यांनी साठवलेला निधी त्या एका क्षणी सभासद असलेल्यांत वाटला गेला. नॉर्दर्न रॉक १९९७ मध्ये कंपनी झाली आणि २००८ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली. म्हणून या कलमाला कुलूप लावा : बदलासाठी तीन-चतुर्थांश मते, तीही सहा महिन्यांच्या अंतराने भरलेल्या दोन सभांत, आणि वर्षभराहून कमी जुन्या सभासदाला या एका ठरावावर मत नाही.

कलम कितीही पक्के असले तरी कर्जापुढे ते टिकत नाही, हेही लक्षात असू द्या. कॅनडातली माउंटन इक्विपमेंट को-ऑप ही पन्नास लाखांहून अधिक सभासदांची संस्था २०२० मध्ये धनकोंपासून (कर्ज देणाऱ्यांपासून) संरक्षण मागण्याच्या प्रक्रियेत गेली आणि सभासदांचे मतदान न होताच एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकली गेली. दिवाळखोरीच्या दारात मताधिकाराला किंमत उरत नाही. त्यामुळे सहावे कलम कर्जमर्यादेचे घाला : बाहेरचे कर्ज सभासदांच्या भागभांडवल अधिक राखीव निधीच्या एकपटीहून अधिक झाले की नवे कर्ज फक्त सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनेच.

किती पैसा लागतो, आणि तो कोणाकडून

विक्री १०० धरूनच मोजू. साठा वर्षातून २२ ते २५ वेळा फिरला, म्हणजे विकून पुन्हा भरला, तर एका वेळी सुमारे ४.५ चा माल लागतो. मांडण्या, वजनकाटे, शीतकपाटे, संगणक यांना ६. अनामत आणि परवाने १. पहिल्या वर्षाचा तोटा ३, कारण पहिल्या वर्षी तोटा होतोच आणि तो न धरणारी योजना आठव्या महिन्यात अडते. हातातली रोख २. एकूण १६.५. यातले सुमारे निम्मे, ८, भागभांडवल असावे, ४.५ सभासदांची मुदत कर्जे आणि ४ बाहेरचे कर्ज. सभासदांच्या कर्जांची मुदत तीन, चार, पाच वर्षे अशी विखरून घ्या, नाहीतर सगळी परतफेड एकाच महिन्यात येऊन आदळते.

आता सभासद ५०० आणि त्यांची एकूण खरेदी ८० असेल (उरलेली २० बिगरसभासदांची), तर ८ चे भागभांडवल म्हणजे प्रत्येकाच्या वार्षिक खरेदीच्या १० टक्के, सुमारे सव्वा महिन्याची खरेदी. ही रक्कम एकदम मागितली तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप तेच बाहेर राहतील. पहिला हप्ता भरला की पूर्ण सभासदत्व आणि मत द्या, बाकीचे बारा ते वीस हप्त्यांत. ज्याला हप्ताही जड जातो त्याचा खरेदीवरील परतावा रोख न देता भागखात्यात वळवा. पुढच्या हिशेबात हा परतावा २.२५ टक्के येतो. त्या गतीने १० टक्क्यांचा भाग साडेचार वर्षांच्या आत पूर्ण होतो, पहिल्या हप्त्याखेरीज काही न भरता. हाती बचत नसलेल्या माणसाला मालकीत आणण्याचा याहून सोपा रस्ता नाही. ही सोय मात्र ठरावीक सभासदांपुरती ठेवा. सगळ्यांनीच ती घेतली तर उघडण्याच्या दिवशी ८ चे भांडवल जमणार नाही.

सर्वेक्षणात लोक “सगळी खरेदी इथेच करू” असे लिहून देतात. त्यातले एक-तृतीयांशच धरा. खरा कौल फॉर्ममध्ये नसतो, पहिल्या हप्त्यात असतो. ठरलेल्या भागभांडवलाचे ७५ टक्के प्रत्यक्ष जमा होईपर्यंत जागेचा करार करू नका, आणि तोवरची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ठरलेल्या तारखेपर्यंत लक्ष्य न गाठल्यास पूर्ण परत करण्याची लेखी हमी द्या.

सहा महिने खरेदी-गट चालवून पाहा

दुकानाआधी २५ ते ४० घरांचा एकत्र खरेदीचा गट चालवा. मागणीची यादी ठरल्या वारी रात्री आठला बंद, पैसे मागणीसोबतच, वाटप तीन दिवसांनी एकाच जागी दोन तासांत. घाऊक भावावर ५ टक्के चढवा. त्यातून वाहतूक, पिशव्या आणि तुटीची भरपाई होते. पहिली कटकट पोत्याची येते : मागणी ३८ किलोची आणि पोते ५० किलोचे. उरलेले १२ किलो कोणीतरी भिडेपोटी घरी नेतो आणि तिसऱ्या महिन्यात गट सोडतो. नियम आधीच लिहा : मागणी पोत्याच्या ८० टक्क्यांवर गेली तरच ते मागवायचे, उरलेला माल पुढच्या फेरीच्या साठ्यात, गटाच्या खर्चाने. ३८ म्हणजे ७६ टक्के, तेव्हा या फेरीत नाही, पुढच्या.

या काळात कोण वेळेवर येते, कोणाला हिशेब जमतो, कोण फक्त बोलते, हे आपोआप कळते. संचालक मंडळाची निवड याहून चांगल्या माहितीवर होत नाही.

भाव किती लावायचा

“नफा नको, जेवढ्याला पडते तेवढ्यालाच विका” हा आग्रह प्रत्येक बैठकीत होतो आणि तो मोडून काढावा लागतो. बाजारभावाने विका आणि वर्षअखेरीला परत द्या. जेवढ्याला पडते तेवढ्यालाच विकले तर खर्चाचा अंदाज एका टक्क्याने चुकला तरी तोटा, राखीव निधी कधीच नाही, आणि शेजारचा मोठा विक्रेता काही महिने तोट्यात विकून तुम्हाला सहज बसवतो. शिवाय स्वस्ताईचा फायदा सभासद नसलेल्यालाही तेवढाच मिळतो, मग भाग कोण घेणार?

उधारी मात्र अजिबात नको. रॉचडेलमध्येही रोखीचाच नियम होता. ४ टक्के वाढाव्यावर एका माणसाचे बुडालेले १०० भरून काढायला २,५०० ची विक्री लागते. अडचणीतल्या सभासदासाठी वेगळा, ठरावीक रकमेचा मदतनिधी ठेवा. गल्ल्यातून उधार नाही.

वाढाव्याचे वाटप

वाढावा ४. विक्रीतला २० टक्के वाटा बिगरसभासदांचा, म्हणून वाढाव्यातले ०.८ थेट अविभाज्य निधीत. ते सभासदांत वाटले तर सभासद बाहेरच्यांच्या जिवावर कमावू लागतात, आणि दार बंद ठेवण्यात त्यांचा स्वार्थ तयार होतो. मग नवे सभासद घेणे हळूहळू थांबते. उरले ३.२. त्याचा चौथा हिस्सा ०.८ राखीव निधीत. भागभांडवल ८ वर ६ टक्क्यांनी ०.४८. सभासद शिक्षण ०.१२. उरले १.८, सभासदांच्या ८० च्या खरेदीवर २.२५ टक्के.

यात एक खोट आहे आणि ती लपवू नये. जो जास्त खर्च करतो त्याला जास्त परतावा मिळतो, म्हणजे खात्यापित्या घराला गरीब घरापेक्षा अधिक. भांडवलाप्रमाणे वाटण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण खर्चातली दरी संपत्तीतल्या दरीएवढी रुंद नसते. तरी ती दरी आणखी कमी करायची असेल तर खरेदीच्या एका मर्यादेपर्यंतच परतावा द्या आणि वरचा भाग अविभाज्य निधीत घाला.

पगार कापून परतावा वाढवण्याचा मोह ही दुसरी खोट. ग्राहक मालक झाला म्हणून नोकराला आपोआप न्याय मिळत नाही. नऊ जणांच्या संचालक मंडळात दोन जागा कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या ठेवा आणि सर्वात जास्त व सर्वात कमी पगाराचे कमाल गुणोत्तर पोटनियमात आकड्यात लिहा.

दर महिन्याची मोजदाद

इतका सगळा डोलारा ४ टक्क्यांवर उभा आहे. मालाची तूट २ टक्के झाली की निम्मा वाढावा गेला. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद झाल्यावर मोजदाद. जोडी-जोडीने : एक मोजतो आणि मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो. व्यवस्थापक मोजणाऱ्यांत नसतो, लेखी साठ्याचा आकडा मोजणाऱ्यांना आधी दाखवत नाहीत, आणि दहातली एक मांडणी दुसरी जोडी परत मोजते. सगळे विक्री किमतीत काढा : सुरुवातीचा साठा, अधिक आलेला माल, वजा विक्री, वजा भावकपात, वजा नोंदवलेली खराबी. हा आकडा आणि मोजलेला साठा यांतला फरक ही तूट. महिन्याच्या विक्रीच्या १ टक्क्याच्या आत असेल तर ठीक.

जास्त आली की सगळ्यांची नजर नोकरांकडे जाते. आधी बिलांकडे जाऊ द्या. बिल आले पण माल कमी आला, भाव कमी केला पण नोंद नाही, खराब माल टाकला पण वहीत नाही, वजनकाटा चुकीचा दाखवतो, परत पाठवलेल्या मालाची वजावट घेतली नाही. चोरी या सगळ्यांनंतर तपासा.

सत्ता कुठे साठते

भांडवलाचा रस्ता बंद केला की सत्ता माहितीच्या आणि पदांच्या वाटेने साठू लागते. व्यवस्थापकालाच आकडे कळतात, संचालक वर्षानुवर्षे तेच, सभेला तीस जण. ऑस्ट्रियातली कोन्झुम ही प्रचंड ग्राहक संस्था १९९५ मध्ये बुडाली, तेव्हा लाखो सभासदांपैकी बहुतेकांना ती बातमी म्हणूनच कळली. उपाय सगळे कंटाळवाणे आहेत. संचालकांची मुदत तीन वर्षे, दरवर्षी एक-तृतीयांश निवृत्त, सलग दोनच मुदती. उमेदवारी कोणत्याही पाच सभासदांच्या सहीने. मंडळाने सुचवलेलीच यादी चालणार नाही. संचालकाच्या नातेवाइकाकडून वा त्याच्या भागीदारीतून खरेदी असेल तर ती रकमेसह वार्षिक अहवालात. दर तीन महिन्यांनी दुकानात एक पान लावा : विक्री, मालावरील ढोबळ नफ्याची टक्केवारी, पगारखर्च, तूट, बँकेतली शिल्लक. पाच आकडे, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशेजारी. एवढे वाचणारे वीस सभासद मिळाले तरी व्यवस्थापक सावध राहतो.

एकट्या दुकानाची मर्यादा

किरकोळीतला वाढावा लहान असतो. मोठा नफा घाऊक व्यापारात आणि कारखान्यात साठतो. म्हणूनच इंग्लंडमधल्या संस्थांनी १८६३ मध्ये एकत्र येऊन घाऊक संस्था काढली. स्वीडनमध्ये तिथल्या ग्राहक संस्थांच्या महासंघाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लुमा नावाचा दिव्यांचा स्वतःचा कारखाना चालू केला आणि आंतरराष्ट्रीय संगनमताने चढे ठेवलेले दिव्यांचे भाव तिथे उतरले. एका वस्तूची तीन-चार संस्थांची मिळून मागणी एक गाडी भरेल इतकी झाली की त्या एका वस्तूसाठी एकत्र खरेदीचा करार करा. सगळ्या मालाची घाऊक संस्था पहिल्याच वर्षी काढू नका. गोदामाचे भाडेच खाऊन टाकते.

चालू धंदा घेण्याचीही वाट आहे. गॉटलीब डुटवायलर यांनी १९४१ मध्ये स्वित्झर्लंडमधली आपली मिग्रोस कंपनी सहकारी संस्थेत बदलून ग्राहकांना मालकी दिली. इतका उदार मालक क्वचितच भेटतो. पण वारस नसलेला, निवृत्तीला आलेला दुकानदार अनेक ठिकाणी असतो. किंमत ठरवताना साठा आणि सामान यांचे मूल्य द्या, ‘नावा’ची किंमत जेवढी टाळता येईल तेवढी टाळा, आणि निम्मी रक्कम पाच वर्षांच्या हप्त्यांत ठेवा म्हणजे दुकान नीट हाती लागेपर्यंत तो मदतीला राहतो.

वर्ष संपताना

लेखापरीक्षण झाले की सभेआधी चौदा दिवस प्रत्येक सभासदाला एक चिठ्ठी द्या : वर्षाची खरेदी, सुचवलेला परतावा, भागखात्यातली शिल्लक. खरेदी सभासद क्रमांकावर नोंदली गेली नसेल तर तक्रारी याच वेळी येतात, म्हणून गल्ल्यावर क्रमांक विचारण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. न नेलेला परतावा तीन वर्षांनी राखीव निधीत जाईल असे पोटनियमात असू द्या. मृत सभासदाचा भाग वारसाला दर्शनी किमतीने द्या वा त्याच्या नावे करा. त्यासाठी सभासदत्वाच्या अर्जातच वारसाचे नाव लिहून घ्या, आणि पत्ता बदलला का हे दरवर्षी त्याच चिठ्ठीवर विचारा.